आखातात नोकरीला निघताना: पासपोर्टपासून पहिल्या पगारापर्यंत

रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत घराचा स्लॅब कुवेतच्या पैशातून पडलेला असतो आणि मुलीचं लग्न मस्कतच्या. तिकडे जाणं आपल्याला नवं नाही. तरीही दरवर्षी कुणी ना कुणी फसतं, आणि फसवणूक बहुतेक वेळा तिकडे पोचल्यावर होत नाही, इथे घरी बसूनच झालेली असते.

माझा धाकटा चुलतभाऊ एसी मेकॅनिक. एका दलालाने त्याला व्हिजिट व्हिसावर शारजाला नेलं, ‘तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून देतो’ असं सांगून. एका खोलीत नऊ जणांत दोन महिने काढून, जमीन गहाण टाकून उभे केलेले सव्वा लाख रुपये घालवून तो परत आला. तक्रार करायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘करार दाखवा.’ करार नव्हताच. त्याच्याजवळ कागद म्हणून एक विमानाचं तिकीट होतं. तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कुणी निघालं की त्याचे कागद मी बघतो. जे बघतो ते सगळं इथे लिहितो आहे, त्याच क्रमाने. हा लेख मुख्यतः सौदी, संयुक्त अरब अमिरात, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन या सहा देशांत प्लंबर, वेल्डर, ड्रायव्हर, कुक, इलेक्ट्रिशियन, सुतार अशा कामांना जाणाऱ्यांसाठी आहे.

पासपोर्टचं शेवटचं पान

पासपोर्ट हातात घ्या आणि आईवडिलांची नावं, पत्ता असलेलं शेवटचं पान उघडा. तिथे ‘ईसीआर’ लिहिलेलं असेल, तर आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीला जाताना भारत सरकारची वेगळी परवानगी लागते. तिला एमिग्रेशन क्लिअरन्स म्हणतात आणि ती १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली मिळते. काही लिहिलेलं नसेल, तर तुम्ही ईसीएनआर, म्हणजे या परवानगीतून मोकळे. दहावी पास असलेला, आयकर भरणारा, वयाची पन्नाशी ओलांडलेला, तीन वर्षांहून जास्त परदेशात राहून आलेला, मान्यताप्राप्त संस्थेतून दोन वर्षांचा आयटीआय वगैरे केलेला, असे बरेच जण ईसीएनआरला पात्र असतात. दहावी पास असूनही जुन्या पासपोर्टवर ईसीआर राहिलं असेल, तर मार्कशीट आणि बोर्डाचं प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट नव्याने काढायचा. छत्तीस पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. गावात ईसीआर म्हणजे कमीपणा समजतात. ‘आमच्या पोराचा पासपोर्ट क्लिअर आहे,’ असं अभिमानाने सांगतात, आणि तो क्लिअर करून घेण्यासाठी एजंटला पैसे देऊन दहावीचं खोटं सर्टिफिकेटही काढतात. असं कधीही करू नका. खोटं सर्टिफिकेट हा गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे ईसीआरमुळे मिळणारं संरक्षण तुम्ही पैसे देऊन घालवता. ईसीआरवाल्याला नेणाऱ्या मालकाची नोंदणी तपासली जाते, करार सरकारी पोर्टलवर चढतो, पगार ठरलेल्या किमान पातळीच्या खाली असेल तर फाइल अडते, विमा काढावा लागतो. कमी शिकलेल्या माणसाला परक्या मुलुखात याच चार गोष्टी कामी येतात. दहावी व्हायचीच असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देऊन व्हा.

पासपोर्टवरचं नावही नीट बघा. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असं सर्रास असतं. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच रकान्यात असेल, तर अमिरातीच्या व्हिसाला अडचण येते. व्हिसा निघाल्यावर नाव दुरुस्त करणं म्हणजे सगळं पहिल्यापासून, म्हणून हे सगळ्यात आधी करा. मुदत निदान दोन-तीन वर्षं शिल्लक असावी. नियमाला सहा महिने पुरतात, पण नोकरी लागल्या लागल्या दूतावासाच्या रांगेत उभं राहायची वेळ कशाला आणायची?

नेणारा कोण आहे?

नोकरीला जायचे कायदेशीर मार्ग मोजकेच: परवानाधारक रिक्रूटिंग एजंट, सरकारी भरती संस्था, किंवा परदेशी मालकाने थेट घेतलेली भरती. ‘आमचे मामा तिकडे आहेत, ते व्हिसा पाठवतात’ हा प्रकार थेट भरतीत मोडतो. तोही चालतो, पण मालक ई-मायग्रेट या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदलेला हवा आणि करार दूतावासाच्या नजरेखालून गेलेला हवा.

एजंट असेल तर त्याचा परवाना क्रमांक मागा. तो ‘बी’ या अक्षराने सुरू होतो आणि मुंबईच्या एजंटच्या क्रमांकात ‘एमयूएम’ अशी खूण असते. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर परवाना चालू आहे, निलंबित आहे की संपला आहे, ते कुणालाही पाहता येतं. बेकायदा एजंटांची यादीही तिथेच असते. नुसतं नाव जुळलं म्हणून थांबू नका, पत्ता आणि फोनही जुळवा. दुसऱ्याच्या परवान्याची झेरॉक्स भिंतीवर लावून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

गावात येणारा माणूस मात्र बहुतेक वेळा एजंट नसतो. तो एजंटच्या दलालाचा दलाल असतो, कधी तर तुमच्याच गावचा, तिकडून सुट्टीवर आलेला. परवान्यात अशा उपएजंटांना जागा नाही. पैसे त्याच्या हातात देऊ नका, तो कितीही जवळचा असला तरी.

एजंटने घ्यायच्या सेवाशुल्काला मर्यादा आहे: ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. पावती घ्यायची आणि पैसे बँकेतून द्यायचे. इथे लोक मला हसतात, ‘एवढ्यात कोण पाठवतो?’ म्हणतात. मलाही ठाऊक आहे की बाजारात लाख-दीड लाख मागतात. तरी आकडा पाठ असू द्या, कारण घासाघीस सुरू होते तेव्हा समोरच्याला कळलं पाहिजे की तुम्हाला नियम माहीत आहे. शिवाय व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो, तो तुमच्याकडून वसूल करणं अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात थेट मना आहे. ‘व्हिसा विकत घ्यावा लागतो’ असं जो सांगतो, तो दुसऱ्याने फुकट दिलेली वस्तू तुम्हाला विकत असतो.

घरातल्या बाईमाणसासाठी नियम आणखी कडक आहेत. ईसीआर पासपोर्टवर या देशांत नोकरीला जाणारी स्त्री किमान तीस वर्षांची असावी लागते, आणि घरकामाची तसंच नर्सची भरती फक्त सरकारी संस्थांमार्फत होते. नर्सचा पासपोर्ट ईसीएनआर असला तरीही. खासगी दलाल जर बहिणीला ‘ब्यूटी पार्लरचं काम’ म्हणून व्हिजिटवर नेत असेल, तर तिथेच थांबवा.

व्हिसावर काय लिहिलं आहे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून हे सावकाश वाचा.

व्हिजिट व्हिसा म्हणजे पाहुण्याचा व्हिसा. परतीचं तिकीट असेल तर ईसीआरवालाही त्यावर क्लिअरन्सशिवाय विमानात बसू शकतो, आणि दलालाला हीच फट हवी असते. अमिरातीत नोकरी मिळाली तर व्हिजिटचा वर्क व्हिसा होऊ शकतो, हे खरं आहे. पण तोवर तुमचा करार कुठेही नोंदलेला नसतो, विमा नसतो, आणि मुदत संपल्यावर दिवसागणिक दंड चढतो. शिकलेला, खिशात तीन महिन्यांचा खर्च असलेला माणूस ही जोखीम घेऊ शकतो. कर्ज काढून निघालेल्याने घेऊ नये.

‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’ नावाची गोष्ट कुठल्याही देशाच्या कायद्यात नाही. एखाद्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या मालकाच्या नावावर व्हिसा काढायचा, त्याला दरवर्षी पैसे द्यायचे आणि काम दुसरीकडेच करायचं, याला लोकांनी दिलेलं हे नाव आहे. सौदीत आपल्या मालकाशिवाय दुसऱ्याकडे परवानगी न घेता काम करणं गुन्हा आहे. पकडलं गेलं की तुरुंग, मग हद्दपारी. त्या कफीलने ‘हा कामावरून पळाला’ अशी नोंद केली तर तुम्ही फरार ठरता, मग तुम्ही त्याला कितीही पैसे चारलेले असोत.

कुवेतचा व्हिसा असेल तर कलमाचा आकडा बघा. १८ म्हणजे खासगी कंपनी, २० म्हणजे घरकाम. घरचा ड्रायव्हर, घरचा कुक, माळी हे सगळे वीसमध्ये येतात. हॉटेलात काम आहे असं सांगून वीसचा व्हिसा हातात ठेवला, तर तो घेऊ नका. त्या व्हिसावर हॉटेलात सापडलात तर गुन्हेगार तुम्ही, हॉटेलवाला नव्हे.

सौदीच्या व्हिसावर पेशा लिहिलेला असतो, तोच पुढे इकाम्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर येतो. तुम्ही वेल्डर आणि व्हिसा ‘आमिल’चा, म्हणजे साध्या मजुराचा, असं चालवून घेऊ नका. बऱ्याच पेशांसाठी आता इथेच परीक्षा द्यावी लागते. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी टेक्निशियन यांची कौशल्य चाचणी भारतातल्या केंद्रांवर होते आणि ती पास झाल्याशिवाय त्या पेशाचा व्हिसा लागत नाही. हात चांगला असणाऱ्याला यात भीती नाही. उलट ‘आमिल’वर नेऊन वेल्डिंग करवून घेणाऱ्यांना यामुळे चाप बसतो.

कतारची पद्धत मला सगळ्यात बरी वाटते. मुंबईत कतार व्हिसा सेंटर आहे. मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावर सही, सगळं तिथेच होतं, निघण्याआधी. करार पडद्यावर समोर येतो. एजंटने १,८०० रियाल सांगितले होते आणि पडद्यावर १,००० दिसतात, असं झालं तर सही करू नका, उठून या. तिथला कायदेशीर किमान पगार मार्च २०२१ पासून १,००० रियाल आहे, आणि मालक राहायला-जेवायला देत नसेल तर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० वेगळे.

करार: बेसिक किती?

ऑफर लेटर, करार आणि व्हिसा या तीन कागदांवर कामाचं नाव आणि कंपनीचं नाव एकच हवं. पगार पहिल्या दोन्हींवर सारखा हवा. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतं. तुम्हाला इंग्रजी झेपत नसेल तर हिंदीतलंच मागा, तो तुमचा हक्क आहे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे ऑफर लेटर नव्हे. त्यावरचा क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून पडताळून घ्या.

आपले लोक एकच आकडा विचारतात: हातात किती? विचारायचा आकडा असतो बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती. ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. समजा दोघांचा पगार १,५०० दिरहम आहे. एकाचं बेसिक ८०० आणि बाकी भत्ते, दुसऱ्याचं सगळंच बेसिक. अमिरातीत पहिली पाच वर्षं, दर वर्षाला एकवीस दिवसांच्या बेसिकइतकी ग्रॅच्युइटी मिळते. पाच वर्षांनी पहिल्याला २,८०० दिरहम मिळतील, दुसऱ्याला ५,२५०. काम तेच, घामही तेवढाच.

याशिवाय कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, राहणं-जेवण कोणाकडे, किती वर्षांनी रजा आणि तिकीट कोणाचं, प्रोबेशन किती, आजारपणात काय, हे सगळं लिहिलेलं हवं. ‘तिकडे गेल्यावर वाढवतात’ हे लिहिलेलं नसतं, म्हणून ते धरून हिशोब करू नका.

मेडिकल आणि सर्टिफिकेटं

आखाती देशांची मेडिकल ‘वाफिद’ या व्यवस्थेतून ठरवून दिलेल्या केंद्रावरच होते. जुने लोक हिला अजून गामका म्हणतात. छातीचा एक्स-रे, कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे मुख्य. लहानपणी टीबी होऊन पूर्ण बरा झालेला असला तरी फुप्फुसावरचा जुना व्रण दिसला की ‘अनफिट’ येतं. तुम्हाला किंवा घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल, तर एजंटला एक रुपया देण्याआधी गावच्या डॉक्टरकडे स्वतः एक्स-रे काढून घ्या. मेडिकल ‘सेट’ करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासणी होते आणि तिथून थेट परत पाठवतात.

सर्टिफिकेटचं ॲटेस्टेशन, म्हणजे ते खरं असल्याचा सरकारी शिक्का, देशाप्रमाणे बदलतं. सौदी, ओमान आणि बहारीनला अपोस्टिल, म्हणजे दूतावासाच्या शिक्क्याशिवाय आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणपत्र, चालतं, सौदी डिसेंबर २०२२ पासून त्यात आहे. अमिरात, कतार आणि कुवेतसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. अस्सल कागद दलालाकडे महिनोन्महिने पडू देऊ नका, पोच घ्या. पोलिसांचा दाखला मागितला असेल तर पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून तुम्हीच अर्ज करू शकता.

आपल्या सरकारची परवानगी

व्हिसा त्यांचा देश देतो, जाऊ देण्याची परवानगी आपला. ईसीआरवाल्याचा क्लिअरन्स ई-मायग्रेटवरून निघतो. मुंबईचं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (पीओई) कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. सरकारी फी २०० रुपये. ‘पीओईचे पाच हजार’ असं कुणी सांगितलं तर हा आकडा आठवा.

याच वेळी प्रवासी भारतीय विमा योजना काढली जाते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये. पॉलिसीवर वारस म्हणून कोणाचं नाव घातलं आहे ते बघा. घाईत एजंटचा पोरगा काहीतरी भरून टाकतो. पॉलिसीची प्रत घरी द्या, नाहीतर विमा आहे हेच घरच्यांना कळत नाही. करार वाढवला की विमाही वाढवा, हे तिकडून ऑनलाइन होतं.

निघण्याआधी एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण असतं, पीडीओटी म्हणतात त्याला. लोक कंटाळा करतात. जा. तिथले कायदे, कुठे तक्रार करायची, पैसे कसे पाठवायचे हे नीट सांगतात.

ईसीएनआरवाल्यांना क्लिअरन्स लागत नाही, पण ई-मायग्रेटवर आपणहून नोंद करता येते. मी प्रत्येकाला करायला लावतो. तुम्ही कोणाकडे, कुठे कामाला आहात हे आपल्या सरकारच्या दप्तरी असलेलं बरं.

विमानतळ आणि बॅग

हातातल्या फोल्डरमध्ये पासपोर्ट, व्हिसा, करार, क्लिअरन्स, विमा, मेडिकल. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने विचारलं तर खरं सांगा. ‘फिरायला चाललोय म्हण’ असं पढवून पाठवलेली मुलं दोन प्रश्नांत अडखळतात आणि ऑफलोड होतात, म्हणजे त्यांना विमानात चढू देत नाहीत. तिकीटही जातं, पैसेही जातात.

आणि आयांना हात जोडून विनंती: खसखस देऊ नका. आखातात ती अमली पदार्थांत मोडते. अनारशांवर असते, लाडवात असते, घरच्या मालवणी मसाल्यात असते. तिच्यापायी तुरुंग होऊ शकतो. झोपेच्या किंवा कडक वेदनाशामक गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि त्या देशाचा नियम बघितल्याशिवाय नेऊ नयेत. दुसऱ्याचं पुडकं तर अजिबात नाही, सख्ख्या नात्यातलं असलं तरी. मुंबईच्या एका जोडप्याने अशाच पुडक्यापायी कतारच्या तुरुंगात जवळजवळ दोन वर्षं काढली, मग निर्दोष सुटका झाली.

पोचल्यावर

पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिथलं ओळखपत्र हातात यायला हवं: सौदीत इकामा, कुवेतमध्ये सिव्हिल आयडी, अमिरातीत एमिरेट्स आयडी. ते काढायचं काम आणि खर्च मालकाचा. उशीर व्हायला लागला तर ‘होईल होईल’वर विसंबू नका. पासपोर्ट मालकाने काढून ठेवणं अमिरातीत बेकायदा आहे. प्रत्यक्षात बरेच जण ठेवतात. म्हणून पहिल्या पानाचा, व्हिसाचा आणि कराराचा फोटो घरच्या माणसाच्या फोनमध्ये असलाच पाहिजे.

पगार बँकेतून घ्या. अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था आहे आणि बुडवलेला पगार त्या नोंदीवरून सिद्ध होतो. रोख घेऊन कोऱ्या कागदावर सही करू नका. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर तिथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

इकडचं साधं बचत खातं एनआरओत, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या पैशांच्या खात्यात, बदलून घ्या आणि तिकडून पैसे पाठवायला एनआरई खातं उघडा. एनआरईवरच्या व्याजाला भारतात आयकर नाही. हुंडीने, म्हणजे बँक टाळून दलालामार्फत, पाठवले की दोन रुपये जास्त मिळतात म्हणून हुंडीच्या वाटेला जाऊ नका, पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

पगार थकला, मारहाण झाली, काम वेगळंच दिलं, तर कामावरून पळून जाऊ नका. पळालात की कायदा मालकाच्या बाजूला जातो. आधी त्या देशाच्या कामगार खात्यात तक्रार नोंदवा, मग आपल्या दूतावासात. अमिरातीतून ८०० ४६३४२ हा प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा मोफत क्रमांक आहे. भारतातून घरच्यांना १८०० ११ ३०९० वर फोन करता येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरची मंडळी इथूनही तक्रार टाकू शकतात. दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून अडकलेल्याच्या तिकिटाची आणि वकिलाची सोय होऊ शकते. एजंटने फसवलं असेल तर तक्रार ई-मायग्रेटवर, आणि तिथे पहिली गोष्ट मागतात ती पावती आणि करार.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री एक प्लास्टिकची पिशवी करा. तिच्यात सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, पैसे भरल्याच्या पावत्या, कंपनीचा पत्ता, तिकडच्या एखाद्या विश्वासू माणसाचा फोन आणि वर लिहिलेले दोन क्रमांक घाला. ही पिशवी बायकोच्या किंवा आईच्या हातात द्या आणि आतला एकेक कागद काय आहे ते तिला समजावून सांगा. माझा चुलतभाऊ चार वर्षांपूर्वी पुन्हा गेला, या वेळी रीतसर, दोह्याला. त्याची पिशवी काकीच्या कपाटात पातळांच्या खाली आहे, आणि त्याच्या विम्याची मुदत कधी संपते ते काकीला तोंडपाठ आहे.